पणजीची हाली नोट: पाच रुपये, एक सरहद्द आणि एक भाऊबीज

ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये रेंज जाते किंवा ज्यांचा इअरफोन परत एका बाजूनंच वाजतोय, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे जिथे "म्हणजे", "म्हणजे" करत अडखळले, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

तर सुरुवात आमच्या कोरेगावच्या घरातल्या एका पत्र्याच्या ट्रंकेपासून. घराचं वरचं माळवद उतरवायचं काम निघालं म्हणून सगळं सामान खाली आणलं. ट्रंकेत काय काय असतं तुम्हाला माहितीच आहे: लग्नाच्या पत्रिका, रेशनकार्डाची जुनी पानं, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा एक शालू आणि तळाला कापडी बटवा. त्या बटव्यात चार घड्या घातलेली एक नोट निघाली. तपकिरी पडलेली, घड्यांवर विरलेली. वर उर्दू अक्षरं.

आमच्या तात्यांनी ती हातात घेतली आणि तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं, तर, "ही पाकिस्तानची नोट आपल्या घरात कशी आली?" दुसरं वाक्य त्याहून भारी: "कुणाला दाखवू नका. चुलीत घाला."

आणि त्याच वेळी माझ्या चुलत भावानं, म्हणजे आमच्या दादानं, मोबाईल काढून फोटो मारलासुद्धा. कारण त्यानं आदल्याच आठवड्यात एक रील बघितलं होतं. 'तुमच्याकडे ही जुनी नोट असेल तर पाच लाख मिळतील.' म्हणजे एकाच नोटेचं एकाच मिनिटात एका माणसाच्या मते सरपण झालं आणि दुसऱ्याच्या मते बुलेट.

आज्जी तेवढी शांत होती. म्हणाली, "पाकिस्तानची न्हाय गं बाई. आत्याबाईंची हाय. हालीची नोट."

आत्याबाई म्हणजे आज्जीच्या सासूबाई, माझी पणजी. पण 'हाली' म्हणजे काय? तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पुढचे दोन महिने मी त्या एका शब्दाच्या मागे लागले आणि आजचा भाग त्यातून आलाय.

आधी दादाचं काय झालं ते सांगून टाकते, कारण तुमच्यातल्या निम्म्या जणांना तेच ऐकायचंय. त्यानं रीलमधल्या नंबरवर फोटो पाठवला. समोरून लगेच उत्तर आलं, नोट अतिदुर्मिळ आहे, साडेतीन लाख देतो. फक्त नोंदणीचे अकराशे पन्नास रुपये आधी पाठवा. दादानं पाठवले. मग म्हणाले टॅक्सचे चार हजार. तिथं दादाला शंका आली, त्यानं प्रश्न विचारले आणि नंबर ब्लॉक झाला. अकराशे पन्नास गेले ते गेलेच. हा प्रकार इतका पसरलाय की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला स्वतः पत्रक काढावं लागलं: आमचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांना भुलू नका, आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे देणारा माणूस तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता नोटेकडे.

उर्दू वाचता येणारं आमच्या घरात कुणी नाही. पण आमच्या गल्लीमागे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्याकडे नोट नेली. त्यांनी चष्मा बदलला, खिडकीपाशी गेले आणि हसायला लागले. म्हणाले, "अगं, उर्दू वाचायला माझ्याकडे आलीस, पण यावर मराठी आहे ते वाचलंस का?"

खरंच होतं! बारीक अक्षरात रक्कम मराठीत लिहिलेली होती. तेलुगूत होती, कन्नडमध्ये होती आणि इंग्रजीतही होती. आम्ही घरातल्या सात-आठ जणांनी ती नोट हातात घेतली होती, उलटसुलट केली होती, फोटो काढले होते. उर्दू दिसलं आणि आमचं बघणंच थांबलं. आपल्याच लिपीतले शब्द आपल्याला दिसले नाहीत.

चाचांनी वाचून दाखवलं: सिक्का उस्मानिया. म्हणजे ही नोट हैदराबाद संस्थानाची, निजामाच्या सरकारची. पाकिस्तानशी या कागदाचा संबंध नाही. (थोडा आहे, पण तो मजेशीर आहे, पुढे येतोच.)

मराठी का, तर साधी गोष्ट आहे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे, म्हणजे आपला मराठवाडा, निजामाच्या राज्यात होता. पूर्वेला तेलंगणात तेलुगू आणि दक्षिणेला गुलबर्गा, रायचूर भागात कन्नड. राज्यकारभार उर्दूत. म्हणून एका नोटेवर एवढ्या लिप्या.

एक गंमत मला फार आवडली. आपल्या कोरेगावच्या आसपासही संस्थानं होती बरं का. इकडे औंध, तिकडे फलटण, खाली सांगली, मिरज, जत. कोरेगाव स्वतः ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात. पण पैशाच्या बाबतीत या सगळ्यांकडे ब्रिटिशांचाच रुपया चालायचा. हैदराबादची गोष्ट वेगळी. त्यांचं स्वतःचं नाणं, स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःची जकात. आणि १९१८ पासून स्वतःच्या कागदी नोटा. काश्मीर सोडलं तर अशी पूर्ण स्वरूपाची कागदी नोट भारतातल्या संस्थानिकांमध्ये जवळपास कुणाकडे नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सुट्ट्या नाण्यांची टंचाई झाली तेव्हा बिकानेर, कच्छ, जुनागढ, मोरवी वगैरे संस्थानांनी छोट्या कूपनांसारखे पुठ्ठ्याचे तुकडे काढले होते, पण ती नोट नव्हे.

१९१८ च का? पहिलं महायुद्ध. रुपया तेव्हा चांदीचा असायचा, आणि युद्धात चांदी मिळेना. भाव इतका चढला की हिंदुस्थान सरकारला अमेरिकेकडून चांदी आणावी लागली. निजामाकडेही रुपये पाडायला चांदी कमी पडली. त्यानं युद्धाला इंग्रजांना भरपूर मदत केली होती, त्यामुळे कागदी चलनाची परवानगी मिळाली. आधी दहाच्या आणि शंभरच्या नोटा आल्या, १९१९ मध्ये एकची आणि पाचची, आणि १९२६ मध्ये हजाराची.

आता 'हाली'. हाली म्हणजे सध्याचा, चालू. हाली सिक्का म्हणजे चालू नाणं. आणि ब्रिटिश रुपयाला लोक म्हणायचे कलदार. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. लातूर, बीड, परभणीकडच्या तुमच्या मित्रांना विचारा, त्यांच्या आजोबांच्या तोंडी हे दोन्ही शब्द असतील. "शंभर हाली का शंभर कलदार?" हा तेव्हाचा रोजचा प्रश्न होता. कारण दोन्ही 'रुपये'च, पण किंमत वेगळी. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदार हवे असतील, तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजायचे.

तेव्हा बाजारात बसणारा माणूस हा भागाकार तोंडी करायचा. मी मोबाईलवर केला तरी दोनदा चुकले.

आता थोडं भूगोलात जाऊ, कारण सरहद्द म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाघा बॉर्डर येते. ही सरहद्द तशी नव्हती. बार्शी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात, आणि तिथून बाहेर पडून थोडं पुढे गेलं की निजामाचं उस्मानाबाद. मधे तार नाही, भिंत नाही. शेतं आणि बाभळी. एकाचं शेत इकडे, विहीर तिकडे. पण रस्त्यावर नाका असायचा, त्याला म्हणायचे करोडगिरी नाका. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. गूळ न्या, कापड न्या, तेल न्या, तिथं थांबायचं.

आणि रेल्वे! हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः नकाशा काढून बसले. बार्शी लाईट रेल्वे नावाची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती. १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोड स्टेशनापासून बार्शी गावापर्यंत सुरू झाली. पुढे एका बाजूनं पंढरपूरपर्यंत गेली, दुसऱ्या बाजूनं १९११ मध्ये थेट निजामाच्या हद्दीत लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेला. म्हणजे लातूरला छोट्या गाडीत बसायचं, सरहद्द ओलांडायची, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला करत मिरजेला उतरायचं आणि तिथून पुण्याकडे जाणारी मीटर गेज पकडायची. ती गाडी कोठे थांबायची? किर्लोस्करवाडी, कराड, रहिमतपूर... आणि कोरेगाव.

माझी पणजी लातूरकडची. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. कोरेगावात सून म्हणून आली आणि तिचा भाऊ दर दिवाळीला याच रस्त्यानं भाऊबीजेला यायचा. ट्रंकेतली नोट याच प्रवासानं आलीय.

आज्जीनं सांगितलेली गोष्ट अशी. १९४७ ची दिवाळी. देश नुकताच स्वतंत्र झालेला, म्हणजे कोरेगाव स्वतंत्र झालेलं, पण पणजीचं माहेर नाही. निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला होता. भाऊ आला. पण गडबडीत निघाला होता आणि वाटेत हालीचे कलदार करायला त्याला सराफ मिळाला नाही, किंवा मिळाला तो फार बट्टा मागत होता. बट्टा म्हणजे पैसे बदलून देताना कापून घेतलेली रक्कम. ओवाळणीच्या ताटात त्यानं हालीची पाचाची नोट टाकली. म्हणाला, "चोळीला घे."

पणजी ती नोट घेऊन पेठेत गेली. कापडवाल्यानं परत केली. "आक्का, ही हिकडं चालत न्हाय."

घरी येऊन तिनं भावाला सांगितलं नाही. घडी घालून बटव्यात ठेवली.

पुढे काय झालं ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळीत येतं, म्हणून जरा सावकाश सांगते. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे करार' झाला. म्हणजे वर्षभर आहे तसं चालू द्यायचं. शाई वाळते न वाळते तोवर निजाम सरकारनं दोन वटहुकूम काढले. एकानं सोनं-चांदी आणि मौल्यवान धातू संस्थानाबाहेर नेण्यावर निर्बंध आले. दुसऱ्यानं सांगितलं की भारतीय रुपया हैदराबादेत कायदेशीर चलन राहणार नाही. शिवाय भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपानं वीस कोटी रुपयांचं कर्ज पाकिस्तानला दिल्याचं बाहेर आलं. दिल्लीत केवढा भडका उडाला असेल, कल्पना करा.

मला मात्र त्या दिल्लीपेक्षा बार्शीच्या बाजारात उभ्या असलेल्या बाईचं जास्त वाटतं. आजवर हाली आणि कलदार शेजारी शेजारी नांदत होते. भाव वेगळा, पण दोन्ही पैसेच. आता एका बाजूचा पैसा दुसऱ्या बाजूला गुन्हा झाला. चलन हे सरकारचं पहिलं कुंपण असतं, तार नंतर येते. (हे वाक्य बोलताना मला फार शहाणं वाटलं होतं, लिहिताना तेवढं वाटत नाहीये. राहू दे.)

याच काळात सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा सुरू होता. तरुण पोरं इकडच्या बाजूला राहायची, रात्री पलीकडे जायची, करोडगिरी नाके जाळायची आणि परत यायची. त्यातली पैशाशी जोडलेली सगळ्यात मोठी घटना म्हणजे उमरी. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती. ३० जानेवारी १९४८ ला क्रांतिकारकांनी ती बँक लुटली. वीस लाखांच्या आसपास रक्कम, आणि ती लढ्याच्या कामासाठी गेली. तारीख परत वाचा. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

सातारा-सांगलीकडच्या मंडळींना हे ऐकून आपलं काहीतरी आठवलं असेल. १४ एप्रिल १९४४ ला आपल्या प्रतिसरकारच्या लोकांनी धुळ्याजवळ चिमठाण्याला इंग्रजांचा साडेपाच लाखांचा खजिना लुटला होता. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावं आपल्या घरात अजून घेतली जातात. नागनाथअण्णा तर पुढे हैदराबादच्या लढ्यातही उतरले. म्हणजे कुंडल-वाळव्याची माणसं आणि मराठवाड्याची माणसं यांच्यात नुसती सोयरीक नव्हती.

दुसऱ्या बाजूला रझाकार. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरचाच वकील. १९४८ चा उन्हाळा येईपर्यंत सरहद्दीजवळच्या गावांमध्ये राहणं कठीण झालं. लूट, जाळपोळ, खून. लोक गाड्या जुंपून इकडे यायला लागले. बार्शी, सोलापूर, पंढरपूर, जिथं पाहुणे असतील तिथं.

पणजीचा भाऊ बायको आणि दोन मुलांना घेऊन कोरेगावला आला. आज्जी म्हणते, त्यांच्याबरोबर एक गाठोडं आणि पितळेचा एक तांब्या होता. कनगीतली ज्वारी तशीच सोडून आले. आमच्या घरात ते चार-पाच महिने राहिले. आणि पहिल्याच रात्री पणजीनं बटव्यातली ती पाचाची नोट काढून भावापुढे ठेवली. तुला लागेल, घे.

तो म्हणाला, "ओवाळणी परत घेत्यात व्हय?"

नोट पुन्हा बटव्यात.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ ला निजामानं शरणागती पत्करली. आज आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो तोच दिवस. भाऊ दसऱ्याच्या आसपास गावी परत गेला.

इथं मी थांबणार होते, पण चाचांशी बोलल्यावर एक गोष्ट घालायची ठरवली. फौजा आल्यानंतरच्या आठवड्यांत उलट्या बाजूनंही हिंसा झाली. उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा, बिदर या भागात मुसलमानांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. पंडित नेहरूंच्या सरकारनं पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती तिथं फिरली आणि तिनं मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नव्हता. चाचा म्हणाले, "तुमच्या पणजीचा भाऊ परत गेला. आमच्या मावशीकडचे कुणी परत गेले नाहीत." एवढंच बोलले आणि चहा आणायला उठले. मी पुढे विचारलं नाही.

आता नोटेवरची सही. साताऱ्यात जुनी नाणी-नोटा जमवणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी मला नोट प्लास्टिकच्या साध्या पाकिटात आणल्याबद्दल रागावून घेतलं. दुसऱ्यांदा भिंग देऊन सही दाखवली. हैदराबादच्या नोटांवर तिथल्या अर्थमंत्र्याची सही असते, आणि सही बदलली की संग्राहकाच्या दृष्टीनं नोट बदलते. आमच्या नोटेवरची सही गुलाम मोहम्मद यांची निघाली. हे गृहस्थ १९४० च्या दशकात हैदराबादचे अर्थमंत्री होते. पुढे ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये तर पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल!

म्हणजे आमचे तात्या अगदीच चुकीचे नव्हते, असं ते आता सगळ्यांना सांगत असतात.

पण थांबा, ही नोट छापली कुठे? सुरुवातीच्या हैदराबादी नोटा लंडनला छापल्या जायच्या. नाशिकला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिल्यानंतर हे काम तिकडे आलं. आमची नोट नाशिकची. आणि त्याहून मोठी गंमत: फाळणीनंतर खुद्द पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती. म्हणून १९४८ मध्ये तिकडे चालण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्याच नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असं इंग्रजीत आणि उर्दूत ठसवून दिलं गेलं. त्याही नाशिकच्याच. तेव्हा तात्यांना मी सांगितलं, खरी पाकिस्तानची नोट निघाली असती तरी ती नाशिकचीच असती.

मग ही नोट दुर्मिळ आहे का? काकांनी स्पष्ट सांगितलं: जुनी आहे, छान आहे, पण दुर्मिळ म्हणावी अशी नाही. पाचाच्या नोटा भरपूर निघाल्या होत्या, घराघरांत राहिल्या. त्यात आमची चार घड्यांची, कडा फाटलेली. दुर्मिळ म्हणजे हजाराची. दुर्मिळ म्हणजे अगदी शेवटच्या काळातल्या डॉ. जी. एस. मेलकोटे यांच्या सहीच्या. मेलकोटे हे स्टेट काँग्रेसचे पुढारी, निजामशाहीविरुद्ध लढलेले, आणि १९५२ नंतरच्या लोकनियुक्त सरकारात अर्थमंत्री. ज्या राज्याविरुद्ध लढले त्याच राज्याच्या चलनावर त्यांची सही. हे मला कुठल्याही सिनेमापेक्षा भारी वाटतं.

आणि सगळ्यात अद्भुत म्हणजे समुद्रातून आलेल्या नोटा. १९२२ च्या मे महिन्यात लंडनहून मुंबईला निघालेलं 'इजिप्त' नावाचं जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजावर आदळून वीस मिनिटांच्या आसपास बुडालं. ऐंशीहून जास्त माणसं गेली. जहाजात टनांनी सोनं-चांदी होती आणि निजामासाठी लंडनला छापलेल्या कोऱ्या नोटाही होत्या. सव्वाशे मीटर खोल पाणी, तेव्हाच्या पाणबुड्यांना अशक्य. तरी 'आर्तिल्यो' नावाच्या इटालियन बोटीच्या लोकांनी १९३० मध्ये ते जहाज शोधलं. त्यातले कित्येक जण दुसऱ्या एका बुडालेल्या जहाजावर स्फोट करताना मेले. नव्या बोटीनं १९३२ मध्ये सोनं वर काढलं आणि सोन्याबरोबर वर आल्या निजामाच्या नोटा. कधीही बाजारात न फिरलेल्या, समुद्राच्या पाण्यानं डागाळलेल्या. संग्राहक आज त्यांच्यासाठी जीव टाकतात. तुमच्याकडे तसली असेल तर मला मेसेज करा. दादाला करू नका.

घरात जुनी नोट सापडली तर काय करायचं, हेही काकांनी सांगितलं. इस्त्री करू नका. लॅमिनेशन तर अजिबात नाही, ती नोट संपलीच म्हणून समजा. फाटली असेल तर सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक कागद खातो. साधं प्लास्टिक पाकीटही कालांतरानं चिकटतं. संग्राहकांकडे यासाठी वेगळी पाकिटं मिळतात, नाहीतर स्वच्छ कोऱ्या कागदात सपाट ठेवा. आणि फोटो टाकायचाच असेल तर नंबर झाकून टाका. बघायचंच असेल तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, तिथं जा.

एक प्रश्न मला शेवटपर्यंत सुटत नव्हता. पणजीनं ही नोट बदलून का घेतली नाही? वेळ होता की. १९५० पासून हैदराबादेत भारतीय रुपया हालीच्या जोडीनं सुरू झाला, सात हालीला सहा रुपये याच दरानं. हाली हळूहळू मागे पडत गेली आणि १९५९ मध्ये पूर्ण रद्द झाली. तोपर्यंत भाऊ दर दिवाळीला येतच होता. त्याच्या हातात दिली असती तरी त्यानं लातूरला बदलून आणली असती.

आज्जीला विचारलं. ती म्हणाली, मामा दरवर्षी विचारायचे, "आक्के, ती नोट मोडलीस का?" आणि आत्याबाई म्हणायच्या, "न्हाय. तू आधी चोळी आण, मग मोडती." मग ते चोळी आणायचे. पुढच्या वर्षी परत तेच. आज्जी या घरात १९६५ ला आली तेव्हा नोट बाद होऊन सहा वर्षं झाली होती आणि तरी भाऊबीजेला हा संवाद व्हायचाच.

मी आज्जीला हिशेब करून दाखवला. पाच हाली, गुणिले सहा, भागिले सात. चार रुपये चार आणे सात पै.

आज्जीनं थोडा विचार केला. म्हणाली, "त्या वक्ताला चोळी हून वर पैसं उरलं असतं की." मग नोट कोऱ्या कागदात ठेवली, कागद बटव्यात ठेवला आणि तात्यांना म्हणाली, ट्रंक वर नेऊ नका, माझ्या खाटेखाली सरकवा.

पुढच्या भागात भेटू. तुमच्या घरी, पाहुण्यांकडे कुणी 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द वापरत असेल, तर त्यांचा आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा. लातूर, बीड, परभणीकडची मंडळी, तुमच्याकडून तर हवंच. आवाज खरखरीत आला तरी चालेल.